रविवारचे सदतीस अंश

पहिल्या महिन्यात पगाराचं पाकीट मिळालं नाही तेव्हा साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू," आणि मी मान डोलावली. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सात वर्षं काढलेल्या माणसाला वाट बघायची सवय होते. नमुना पेटीत लावला की चोवीस तास थांबायचं, शंका असली तर अठ्ठेचाळीस. मधेच दार उघडून डोकावायचं नाही.

असे चार महिने गेले. वहिनीच्या मते याला संयम म्हणत नाहीत.

"याला बावळटपणा म्हणतात," ती शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "तू त्याच्याकडे पैसे मागितलेस तरी का?"

"मागितले ना. तीनदा."

"कसे मागितलेस, ते करून दाखव."

मी करून दाखवलं. वहिनीने पाय थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, तू पगार मागत होतीस की त्याची तब्येत विचारत होतीस?"

हसण्यासारखं होतं, पण दोघीही हसलो नाही. दादा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो आणि त्याची कमाई ट्रकच्या हप्त्यातच जाते. घर चालतं ते माझ्या पाकिटावर आणि वहिनीच्या शिवणावर. वहिनीने दोन वर्षं पैसे साठवून कापडाच्या कडा शिवण्याचं एक जुनं ओव्हरलॉक मशीन ठरवलं होतं. दुकानदाराला आगाऊ रक्कमही दिली होती. उरलेले पैसे या चार महिन्यांत घरभाड्यात आणि किराण्यात गेले. दुकानदाराने सांगून ठेवलं होतं: तीस तारखेपर्यंत थांबतो, मग मशीन दुसऱ्याला, आणि आगाऊ रक्कम विसरा. वहिनी मला त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. फक्त भिंतीजवळची मशीनसाठी मोकळी केलेली जागा ती रोज झाडायची.

आमची प्रयोगशाळा म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. माणसंही तीनच. साहेब मालक. चालककाका गावभर फिरून बर्फाच्या पेटीतून पाण्याच्या बाटल्या आणायचे. बाकी सगळं मी करायचे. शाळा, वसतिगृहं, दवाखाने, हॉटेलं यांचं पाणी आमच्याकडे यायचं. त्यात जंतू आहेत का ते बघण्यासाठी नमुना एका बंद पेटीत सदतीस अंशांवर ठेवतात. कपाटाएवढी ती पेटी, तिला आम्ही इन्क्युबेटर म्हणतो. तिचं तापमान हललं तर निकालाला अर्थ नाही. म्हणून रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला तापमापक बघायचा, आकडा नोंदवहीत लिहायचा, वेळ घालायची, सही करायची. साहेबांच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर खाली बारीक अक्षरात त्या नोंदवहीचं पान छापलेलं असायचं.

चालककाकांचा पगारही थांबला होता, पण एकच महिना. पुढच्या महिन्यात त्यांनी गाडी अंगणात लावली, चावी खिशात घातली आणि खाली टायरवर बसून राहिले. दुपारपर्यंत साहेबांनी पैसे आणून दिले.

"तुम्हीही तसंच करा," काका मला म्हणाले.

"तुमच्याकडे चावी आहे काका. माझ्याकडे जंतू आहेत."

"मग जंतू खिशात घालून बसा की!"

ते काही विनोद करत नव्हते. पण बाटली आली की चोवीस तासांच्या आत लावावी लागते. मी हात बांधून बसले असते तर साहेबांचं काहीच अडलं नसतं. वसतिगृहातली दोनशे मुलं मात्र तेच पाणी पीत राहिली असती. साहेबांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मग मी लेखी मागणी केली. किती महिन्यांचे, किती रुपये, कधीपर्यंत, सगळं एका पानात. हातात दिलं तर साहेब म्हणाले, "ठेवा टेबलावर." टेबलावर ते तीन दिवस चहाच्या कपाखाली राहिलं. म्हणून मी तेच पत्र पुन्हा लिहून पोस्टाने पाठवलं, पोच घेऊन. दोन दिवसांनी पोस्टमन आला, साहेबांनी सही करून पाकीट घेतलं, फोडलं, बाकीच्या टपालासोबत माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "एवढं फाइलला लावा."

आणि मी लावलं. आवक क्रमांक टाकला, तारीख घातली, दोन भोकं पाडून फाइलमध्ये सरकवलं. संध्याकाळी वहिनीला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला तो बराच वेळ काढलाच नाही.

"स्वतःचं पत्र स्वतःच फाइल केलंस?"

"आवक टपाल माझ्याकडेच असतं."

"शास्त्रज्ञबाई," वहिनी म्हणाली, "उद्या सुट्टी घे. आपण कामगार कार्यालयात जाऊ. आणि बोलायचं मी."

कामगार कार्यालयातल्या कारकुनाने मात्र वहिनीला बोलू दिलं नाही. अर्जदार कोण, त्यांनीच बोला. मी बोलले. त्याने विचारलं, नेमणूकपत्र? नाही. पगाराची पावती? नाही, पाकिटातून रोख मिळायचा. बँकेत जमा? नाही. ओळखपत्र? एकदा करायचं ठरलं होतं, फोटोही दिला होता.

"मग बाई, तुम्ही तिथे काम करता हे कशावरून?"

सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही नाही. मी सांगितलं, "इन्क्युबेटरच्या नोंदवहीवरून."

कारकुनाने ते तसंच लिहून घेतलं. 'इन्क्युबेटर' त्याने दोनदा खोडलं.

सुनावणी सत्तावीस तारखेला, सोमवारी अकराला लागली. साहेबांनी नोंदवही घेऊन हजर व्हावं, अशी नोटीस गेली. मला वाटलं होतं, नोटीस मिळाल्यावर साहेब चिडतील. ते मला फक्त म्हणाले, "आणतो की नोंदवही. आनंदाने आणतो." शनिवारी मी नेहमीप्रमाणे वसतिगृहाचे सहा नमुने दुपारी चारला पेटीत लावले, पाचचा आकडा लिहिला आणि घरी आले. साहेबांना कसला आनंद झालाय ते मला तेव्हा कळलं नाही.

ते सोमवारी कळलं.

अधिकारी मध्यम वयाच्या बाई होत्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, आणि एका हाताने जुन्या फाइलचा वारा घेत होत्या. वहिनी माझ्या मागे भिंतीशी बसली. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी अधिकारीबाईंना नमस्कार केला, मलाही केला.

"मॅडम, या आमच्याकडे अधूनमधून यायच्या," ते म्हणाले. "शिकायला म्हणा, मदतीला म्हणा. हुशार आहेत, मी नाही म्हणत नाही. पण रोजची नोकरी? नाही. आलं काम की यायच्या, त्याचे पैसे तेव्हाच दिलेत."

"त्या म्हणतात रोजची सही आहे."

"तेच तर दाखवायला आलोय." साहेबांनी नोंदवही टेबलावर उघडली. आधीच कागदाचे कपटे घालून ठेवले होते. "हे बघा. पाच तारीख, सही. बारा तारीख, सही. एकोणीस, सही. मॅडम, हे सगळे रविवार आहेत. रविवारी आमच्या लॅबला कुलूप असतं, चावी माझ्या घरी असते. खालच्या टायरवाल्याला विचारा. मग या रविवारी आत कशा शिरल्या? भिंतीतून? म्हणजे ही वही यांनी बसल्या बैठकीला भरलेली आहे. जी वही खोटी, तिच्यावरून पगार मागतायत."

मागे वहिनीची खुर्ची कुरकुरली.

मी नोंदवहीकडे बघत होते. सतरा रविवार होते. सतराही ठिकाणी माझी सही होती आणि सतराही ठिकाणी आकडा होता. आणि त्या प्रत्येक रविवारी मी घरी होते, वहिनीच्या कपड्यांना बटणं लावत.

हे असं चालायचं. शनिवारचे नमुने सोमवारी बघायचे, मधल्या रविवारी कुणी नसायचं, पण प्रमाणपत्रासाठी वही भरलेली लागते. पहिल्याच वर्षी मी साहेबांना म्हटलं होतं की रविवारसाठी आपोआप नोंद ठेवणारा तापमापक घेऊ, फार महाग नाही. साहेब म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात. तोवर तुम्ही सोमवारी भरून टाकत जा. सदतीसच असणार ना? यंत्रच सदतीसला लावलंय." मी भरून टाकत गेले. पहिल्या दिवशी पेन उचलताना हात जड झाला होता, दुसऱ्या वर्षापासून होत नव्हता. साहेबांचा 'पुढचा महिना' माझ्या थकलेल्या पगाराहून सहा वर्षांनी जुना होता.

अधिकारीबाईंनी चष्मा लावला. "काय हो? रविवारी तुम्ही कामावर होता का?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सतरा दिवसांचा जास्तीचा पगारही मागता आला असता. चावीबद्दल साहेबांच्या शब्दाविरुद्ध माझा शब्द होता. तीस तारखेला तीन दिवस राहिले होते. वहिनीचं मशीन माझ्या एका 'हो'च्या अंतरावर होतं. आणि नाही म्हटलं तर माझ्या हातातला एकुलता एक पुरावा मी स्वतःच खोटा ठरवणार होते, वर माझ्याच तोंडाने सांगणार होते की सात वर्षं मी रविवारचं खोटं लिहिलं. असा कागद सरकारी दफ्तरात गेल्यावर मला पुन्हा कुठली प्रयोगशाळा दारात उभी करणार होती?

"नाही," मी म्हटलं. "रविवारच्या नोंदी खोट्या आहेत. त्या मी सोमवारी लिहिल्या आहेत."

"अगं!" वहिनी मागून म्हणाली.

"तुम्ही बोलू नका," अधिकारीबाई वहिनीला म्हणाल्या.

साहेबांनी दोन्ही हात पसरले. "झालं! अजून काय पाहिजे? स्वतःच कबूल करतायत."

"रविवारच्या," मी म्हटलं. "बाकीच्या खऱ्या आहेत."

अधिकारीबाईंनी वारा घेणं थांबवलं. "बाई, एका वहीत सतरा नोंदी खोट्या आणि बाकीच्या खऱ्या, हे मी कसं ठरवायचं? अक्षर तुमचंच, सही तुमचीच, शाई तीच."

"आकड्यांवरून ठरवा."

"म्हणजे?"

मी उठून नोंदवही त्यांच्याकडे फिरवली. माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "मॅडम, रविवारचे आकडे वाचा. फक्त रविवारचे."

त्यांनी बोट ठेवून वाचले. "सदतीस पूर्णांक शून्य. सदतीस पूर्णांक शून्य. सदतीस पूर्णांक शून्य..." आठव्यापर्यंत वाचून त्या थांबल्या. "सगळे तेच आहेत."

"सतराही तेच आहेत. आता सोमवार ते शनिवार वाचा."

"छत्तीस पूर्णांक आठ. सदतीस पूर्णांक दोन. सदतीस पूर्णांक एक. छत्तीस पूर्णांक नऊ."

"पेटी जुनी आहे. सकाळी थंड असते, दार उघडलं की उतरते, मग वर चढते. ती कधीच एका जागी राहत नाही. मी समोर उभी राहून बघते तेव्हा आकडा हलतो. मी घरी बसून लिहिते तेव्हा हलत नाही, कारण मला तेवढी कल्पना सुचत नाही. मला सगळंच खोटं लिहायचं असतं तर मी सगळीकडे सदतीसच लिहिलं असतं मॅडम. आमच्या कामात खोटं हे नेहमी नीटनेटकं असतं."

साहेब हसले. "हे काय गणित आहे का? पॉइंट आठ आणि पॉइंट नऊवरून पगार द्यायचा?"

"थांबा," अधिकारीबाई म्हणाल्या. त्या पानं उलटत होत्या. आता त्या स्वतःहून वाचत होत्या. एका पानावर त्यांचं बोट अडलं. "इथे चौतीस पूर्णांक दोन आहे. लाल शाईने. बुधवार, सकाळी नऊ. बाजूला लिहिलंय, 'काल संध्याकाळी साहेबांनी पाहुण्यांना पेटी दाखवली, दार उघडं राहिलं. आठही नमुने बाद.' आणि खाली दोन सह्या. एक तुमची. दुसरी कुणाची?"

मी साहेबांकडे बघितलं. आकडा मर्यादेबाहेर गेला की तिथे प्रयोगशाळेच्या प्रमुखाची सही लागते. मी वही उघडून समोर धरायची आणि साहेब फोनवर बोलता बोलता सही करायचे. या चार महिन्यांत असं पाच वेळा झालं होतं. त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं.

"ही सही तुमची ना?" अधिकारीबाईंनी साहेबांना विचारलं.

साहेबांनी वाकून बघितलं. "असेल. मी शंभर ठिकाणी सह्या करतो."

"त्या दिवशी सकाळी नऊला या बाई कामावर होत्या, असं तुमच्या सहीने लिहिलंय. अशी अजून पानं असतील?"

"चार आहेत," मी म्हटलं.

"आणि दुसरं असं, तुम्ही म्हणता वही खोटी. मग या वहीचं पान छापून तुम्ही जी प्रमाणपत्रं विकलीत, ती?"

साहेबांच्या शर्टाची इस्त्री होती तशीच होती, पण आतला माणूस थोडा बसला. "तसं नाही मॅडम. वही तशी... मोघम बरोबर आहे."

"मोघम नको. खरी की खोटी?"

"खरी," साहेब म्हणाले. मग घाईने, "रविवार सोडून."

"रविवार त्या मागतच नाहीयेत."

त्यानंतरचा तासभर कागद लिहिण्यात गेला. चार महिन्यांचा पगार, निम्मा आत्ता धनादेशाने, उरलेला पंधरा दिवसांत. साहेब म्हणाले धनादेशाचं पुस्तक आणलेलं नाही. वहिनी म्हणाली, "गाडीत असेल, पुढच्या कप्प्यात. काका सांगत होते." अधिकारीबाईंनी या वेळी वहिनीला गप्प केलं नाही. पुस्तक गाडीतच होतं.

शेवटी माझा जबाब माझ्यासमोर आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सतरा रविवारच्या नोंदी मी प्रत्यक्ष वाचन न करता केल्या. अधिकारीबाई म्हणाल्या, "प्रमाणपत्रांचा विषय माझ्या खात्यात येत नाही. पण हा कागद कुणी मागितला तर मला द्यावा लागेल. त्यात तुम्हीही याल."

"सतराच नाहीत," मी म्हटलं. "सात वर्षांचे रविवार आहेत. तसं लिहा."

त्यांनी ओळ दुरुस्त केली. मी सही केली, तारीख घातली, वेळ घातली: एक वाजून दहा.

बाहेर जिन्यात वहिनीने धनादेश उजेडात धरला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "वटला तर खरं," ती म्हणाली. "उद्या सकाळी बँक उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहते मी." मग धनादेश पर्समध्ये, पर्स पिशवीत, आणि पिशवी काखेत घट्ट. "आणि एक सांग, आत ते सात वर्षांचं सांगायची काय गरज होती? सतरावर भागत होतं ना!"

"सतरावर भागवलं असतं तर ते सदतीस पूर्णांक शून्यच झालं असतं."

"देवा," वहिनी म्हणाली. "मी ओव्हरलॉक घेते आणि तुला शिवूनच टाकते."

तेवढ्यात साहेब मागून जिना उतरत आले. मला वाटलं, आता तोंडाला येईल ते बोलतील. ते माझ्या पायरीवर थांबले, घड्याळ बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "वसतिगृहाचे शनिवारचे नमुने पेटीत आहेत ना? चारला बघायचेत. येताय ना?"

वहिनीचं तोंड उघडंच राहिलं. माझंही राहायला हवं होतं. पण मी मनात हिशेब केला: शनिवार चार, रविवार चार, सोमवार चार. अठ्ठेचाळीस तास.

"येते," मी म्हटलं.

"अगं ए!" वहिनी ओरडली. साहेब तोवर खाली पोचले होते.

"ते नमुने माझे आहेत वहिनी. मी लावलेत. ते बघते आणि उद्यापासून जात नाही."

"उद्यापासून कुठे जाणार? त्या कागदानंतर?"

मी जिना उतरायला लागले. वहिनी माझ्याबरोबर आली. पिशवी काखेत धरून टायरच्या दुकानासमोर बसून राहिली.

चारला मी पेटी उघडली. सकाळचं वाचन कुणी घेतलं नव्हतं, तिथे मी रेघ मारली. सहापैकी दोन नमुन्यांत संशयास्पद वाढ दिसत होती. चार स्वच्छ दिसत होते, पण त्यांच्यावरही आता विश्वास ठेवता येत नव्हता. मी नोंदवहीत रविवारच्या रकान्यात पेन टेकवलं. हात सवयीने सदतीसमधला तीन काढायला निघाला. मी तो थांबवला आणि लिहिलं, 'वाचन घेतलेलं नाही. सहाही नमुने पुन्हा घ्यावेत. वसतिगृहाला आज फोन करून पाणी उकळून प्यायला सांगितलं.' मग खरोखरच फोन केला. फोन संपल्यावर वेळ घातली आणि सही केली.

अशा नोंदीखाली प्रमुखाची सही लागते. मी वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि नेहमीसारखी समोर धरली. साहेब फोनवर होते. त्यांनी पेन उचललं, टोक कागदावर आणलं, आणि थांबले. फोन बाजूला ठेवला. चष्मा शोधला. मग पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, त्यांनी वाचायला सुरुवात केली.

मी उभी राहिले. वाट बघायची मला सवय आहे.